ग्रहणातला टाका

कापूस फुटला की मला राग येतो.

थंडी नुकती पडू लागलेली असते, तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, उन्हाला चटका नसतो. अशा दिवसांत माणसानं खरं म्हणजे खुशीत असावं. माझं उलटं आहे. पऱ्हाटीवर बोंडं उकलून वावर पांढरं झालं की माझ्या डोक्यातही जुनं काहीतरी उकलतं, आणि घरात भांडी आपटायला लागतात. माझ्या सुनेला आता सवय झाली आहे. "आईंचा कापसाचा महिना लागला," असं ती नवऱ्याला सांगते, आणि मग दोघंही काही दिवस माझ्या वाटेला जात नाहीत.

परवा बुलढाण्याहून खामगावला निघाले होते, भाचीकडे. इंदू तिचं नाव, माझ्या भावाची मुलगी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता सोयाबीन काढून मोकळी झालेली रानंच जास्त. मधूनच एखादं पऱ्हाटीचं वावर, त्यात वाकलेल्या बाया. एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसलेली, माझ्यापेक्षा बरीच तरुण. मोबाइल कानाला लावून मोठ्यानं बोलत होती, "हाव, उद्या गिऱ्हान हाय न. तिले सांगून ठेव, सुई-विळी हातात धरू नको म्हना. एक दिवस भाजी तू चीर, हात काय झिजते का तुहे?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "घरात कोणाला दिवस आहेत वाटतं?"

"सुनेले. पाचवा लागला."

"मग सुई धरली तर काय होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही म्हातारी कोणत्या गावची! "अवो बाई, लेकराले व्यंग येते. व्हट फाटते, काळजाले भोक पडते. मोबाइलवर बी आलं हाय न सगळं."

"तुम्ही पाहिलंय का कोणाचं?"

"मी नाई पाह्यलं. पन लोकं काय उगीच म्हनतेत?"

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "एका बाईनं पोटुशी असताना ग्रहणात दाभण धरला होता. तिला मुलगी झाली, आणि मुलीच्या काळजात खरंच दोष निघाला."

"पाहा!" बाईनं मांडीवर थाप मारली. "तेच तं सांगून राह्यली न मी!"

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. तिचा थांबा आला, आणि माझी अर्धी गोष्ट पिशवीत घालून ती उतरून गेली. आता ती ही अर्धीच गोष्ट गावभर सांगणार, एका शिकलेल्या म्हातारीनं डोळ्यांनी पाहिलंय म्हणून. उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर पाहत स्वतःलाच शिव्या घालत होते. उरलेली अर्धी तुम्ही तरी ऐका.

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हा. शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा आला होता आणि मास्तर छडीनं त्याची हद्द दाखवायचे. मी मॅट्रिकला होते. मोताळ्याकडून खामगावच्या अंगाला आमचं गाव. पहाटे बैलगाडी जुंपली तर दुपार कलताना खामगावच्या जिनापुढं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यापुढं, रांगेत लागायची. घरात माय, दादा, वहिनी आणि मी. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून मायचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वहिनी बीबी गावाकडची. तिच्या बोलण्यात जालन्याकडचा सूर, 'मले' न म्हणता 'मला' म्हणायची, त्यावरून आम्ही तिची टर उडवायचो. ती हसायची आणि शिवत बसायची.

शिवण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. वाकळ असो, खण असो की गोणपाट, तिचा टाका एकसारखा पडायचा, ताटात तांदूळ ओळीनं मांडावेत तसा. बाया आपली फाटकी पोती घेऊन यायच्या आणि माय ओसरीवरून मिरवायची, "माह्या सुनेचा टाका पाहा. दुसरीकडं दाखवा असा." ही त्याच मायची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा.

त्या वर्षीच्या वेचणीत ग्रहण आलं, सूर्याचं, भरदुपारचं. वहिनीला चौथा महिना होता. गावातली माणसं नदीवर आंघोळीला गेलेली. मायनं दुधावर, लोणच्यावर, पाण्याच्या घागरीवर दर्भाची काडी ठेवली. सगळं यथासांग. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाची गाडी निघायची होती. गाडीत कापूस भरताना चारी बाजूंनी उभं बांधायचं जे मोठं गोणपाट असतं, ते आमचं फाटलेलं होतं, चांगलं हातभर.

"शांता," माय म्हणाली, "तेवढं गोनपाट शिवून टाक."

वहिनी घुटमळली. "आत्याबाई, ग्रहण हाय न."

"गिऱ्हान सुटेपावतर कापूस थांबते का? भाव उतरला मंजे? दार लोटून घे अन् आंदर बसून शिव. सूर्य काय दाराआड पाह्यते?"

मी तिथंच होते. दाभणात सुतळी मीच ओवून दिली होती. वहिनीनं दार लोटलं आणि अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं ते गोणपाट शिवलं. बाहेर अंगणात दादा कुऱ्हाडीनं बाभळीचं लाकूड फोडत होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. होणाऱ्या बापाच्या हातात त्या वेळी कुऱ्हाड होती, आणि त्या कुऱ्हाडीबद्दल पुढं जन्मात कोणी चकार शब्द काढला नाही.

उन्हाळ्यात इंदू झाली. नाकीडोळी नीटस, पण अंगच धरेना. दूध प्यायला लागली की दोन घोट घ्यायची आणि दमून सोडून द्यायची. कपाळावर घामाचे थेंब, जणू नांगर ओढून आली. पुन्हा घ्यायची, पुन्हा सोडायची. छाती भात्यासारखी वरखाली. सर्दी झाली की महिना महिना हटायची नाही. मायनं दृष्ट काढली, मग पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. एवढ्याशा पोटावर काळे डाग. चटके देताना वहिनीला पाय धरायला सांगितलं होतं, आणि तिनं ते धरले. सासू सांगते ते करायचं, हे तिच्या आईनं शिकवून पाठवलं होतं. मला त्या शिकवणीचाही राग येतो.

एक दिवस वहिनीनं मला आत बोलावलं. "विमलबाई, इथं हात ठेवून पाहा." मी इंदूच्या छातीवर, डावीकडे, तळवा ठेवला. आत काहीतरी घुरघुरत होतं. मांडीवर मांजर बसलं की त्याच्या अंगातून येतं ना, तसं. थांबत नव्हतं.

"समद्या लेकरांचं असंच असतं का वो?" वहिनीनं विचारलं. मला काय ठाऊक! पण मी शेजारच्या दोन लेकरांच्या छातीवर हात ठेवून आले. त्यांचं नुसतं टुकटुक होत होतं.

मग मी दादाच्या मागं लागले. नुसतं पोरीसाठी खामगावला गाडी जुंपायची म्हणजे मायच्या मते चैन होती. त्यामुळं वेचणी सुरू झाल्यावर, पहिल्या कापसाच्या गाडीवर, कापसाच्या ढिगावर बसून आम्ही गेलो, वहिनी, इंदू आणि मी; गाडी हाकायला दादा. कापूस जिनावर, पोरगी जाता जाता डॉक्टरकडे. कापूस आधी उतरवला, हेही सांगून ठेवते.

जिनाच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी नळी कानाला लावून इतका वेळ ऐकलं की वहिनीचा चेहरा उतरला. मग का कोण जाणे, त्यांनी ती नळी माझ्या कानाला लावली. "काय ऐकू येतं?"

मी ऐकलं. भिंतीपलीकडं सरकी काढायची यंत्रं चालू होती, घर्रर्र... एकसारखी, दम न घेता. आणि नळीतूनही तेच. "जिन," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "शाबास. आम्हीही याला यंत्रासारखा आवाजच म्हणतो." मग दादाकडे वळून त्यांनी सगळं नीट सांगितलं. लेकरू पोटात असतं तेव्हा श्वास घेत नाही. म्हणून काळजाजवळ रक्ताला एक आडवाट असते, फुप्फुस टाळून जायची. सगळ्यांना असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटली नाही. रक्त भलतीकडं वाहतं, फुप्फुसात जास्तीचं शिरतं, म्हणून दम लागतो. मुंबईला शस्त्रक्रिया करून ती वाट बांधून टाकतात. बांधली की पोर धडधाकट. नाही बांधली तर... वहिनीनं इंदूला छातीशी घट्ट धरलं.

"अन् हे कशानं झालं म्हनाचं, डाक्टरसाहेब?" दादानं विचारलं.

"कशानंही नाही. कोणाची चूक नाही यात."

कोणाची चूक नाही! दुसऱ्या दिवशी घरी परतलो तेव्हा संध्याकाळची दिवेलागण झालेली होती. ओसरीवर माय, आणि मायची मैत्रीण काशीबुढी. काशीबुढी म्हणजे गावाची सल्लागार. लेकराचं दुखणं, गायीचं आटलेलं दूध, पळून गेलेला नवरा, सगळ्याला एकच तोंड. दादानं डॉक्टरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाट उघडी राह्यली म्हणाला. काशीबुढीनं पान चघळत विचारलं, "अशी कशी उघडी राह्यते? कोनी उघडली?"

"कोनी उघडन? जन्माचीच हाय."

"जन्माच्या आंधी काय झालं ते पाहा मंग. गिऱ्हानात दाभन कोनाच्या हातात होता?"

ओसरीवरच्या सगळ्या माना वहिनीकडं वळल्या. मायचीसुद्धा! मला वाटलं, ही आता म्हणेल, अवो मीच शिवायला लावलं होतं. तिनं नुसता पदर सावरला. मग मीच ओरडले, "माय, तूच तं म्हनली होतीस शिव म्हनून! कापूस थांबते का म्हने!"

"मी म्हनलं मंजे?" माय माझ्यावर उसळली. "पोटात लेकरू तिच्या होतं का माह्या? तिनं नाई म्हनाले पायजे होतं. आन् तू मधात तोंड नको घालू, पोट्टी."

नाही म्हणायला पाहिजे होतं! त्या घरात वहिनीनं एकदा जरी नाही म्हटलं असतं तर तिची गाठोड्यासकट बीबीला रवानगी झाली असती, हे मायला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, ओसरीवरच्या खांबालाही माहीत होतं. कापूस विकायचा होता तेव्हा ग्रहण आडवं आलं नाही. पोर आजारी पडल्यावर तेच ग्रहण वर्षभरानं वसुलीला आलं, आणि आलं कोणाच्या दारी? जिला नाही म्हणायची सोय नव्हती तिच्या.

त्याहून वाईट पुढं झालं. मी वहिनीकडं पाहिलं. मला वाटलं ती रडत असेल, चिडली असेल. ती स्वतःच्या हाताकडं पाहत होती. उजव्या हाताच्या बोटांकडं. तिला ते पटलं होतं.

मुंबईचं नाव काढलं की माय म्हणायची, वेचणी उरकू दे. तोवर काशीबुढीचा उपाय. जे शिवलं ते उसवायचं. जिनं शिवलं तिनंच उसवायचं, चाकू-विळा न लावता, देवापुढं बसून. शेवटचा टाका सुटला की लेकराच्या काळजाची वाट मिटणार. माझं डोकं फिरलं. "अवो, उसवल्यावर उघडंच होते न! मिटते कसं?" असं मी विचारलं तर काशीबुढी म्हणाली, शाळेत घातल्यापासून पोरगी वाया गेली.

देवघरापुढं गोणपाट पसरलं. वहिनीचा टाका तो; सुटायला तयारच नाही. नखांनी ओढते, दातांनी तोडते. सुतळीनं बोटं सोलली. इंदू माझ्या मांडीवर, धापा टाकत. चार-दोन टाके सुटले की वहिनी उठायची, माझ्याजवळ यायची, इंदूच्या छातीवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, "अजून घुरघुरतंय." पुन्हा जाऊन बसायची. दुपारभर हेच. माय आणि काशीबुढी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेवटचा टाका सुटला तेव्हा वहिनी उठली, पदराला बोटं पुसली, आणि इंदूच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली.

"एखांदा टाका राह्यला असंन कुठी," काशीबुढी म्हणाली.

काही दिवसांनी दुसरी गाडी निघाली. इंदूला ताप भरला होता, तिचं पिणं जवळजवळ बंद झालं होतं. दादा म्हणाला, कापूस घालाले जाऊनच राह्यलो तं डॉक्टरले दाखवून आणू. ते उसवलेलं गोणपाट पुन्हा शिवायला कोणी धजावलं नाही, दादानं नुसतं दोरीनं आवळून बांधलं. गावाबाहेरच्या नाल्याचा उतार लागला, गाडी कलली, आणि उसवल्या जागेवरून कापूस सुटला. बघता बघता अर्धी गाडी रस्त्यावर. वारा होता. कापूस बाभळींच्या काट्यांवर, धुळीत, बैलांच्या पायांत. दादा "अरे बाप्पा! अरे बाप्पा!" करत धावला आणि कवळ्या भरभरून गोळा करायला लागला. "विमल, उतर! तुह्या वैनीले बी म्हन हात लाव!"

मी इंदूकडं पाहिलं. तिचे ओठ काळसर पडले होते, नाकपुड्या फुगत होत्या. वहिनीनंही पाहिलं. ती गाडीतून उतरली. मला वाटलं कापूस वेचायला उतरली. तिनं इंदूला पदरात गुंडाळलं आणि त्या पांढऱ्या रस्त्यावरून, कापूस तुडवत, सरळ चालायला लागली.

"अवो, कुठी चालली?" दादा ओरडला.

वहिनीनं मागं वळून पाहिलं नाही. "मुंबईला," ती म्हणाली.

हसू नका. तिनं आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती. मुंबई कोणत्या दिशेला हेही तिला माहीत नव्हतं. अनवाणी बाई निघाली होती, एवढंच. दादा कवळीभर कापूस घेऊन रस्त्यात उभा. मग त्यानं तो कापूस खाली टाकला. गाडीपाशी आला, आणि गाडीत उरलेला कापूसही दोन्ही हातांनी रस्त्याच्या कडेला ढकलून दिला, सगळा. गाडी रिकामी केली. बैलांना कधी मारत नव्हता, त्या दिवशी मारलं. पुढं जाऊन वहिनीला वर घेतलं, आणि गाडी नाल्याच्या पलीकडच्या चढावरून दिसेनाशी झाली. माझा भाऊ तसा बोदाच होता, मायपुढं मान वर न करणारा. पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याला बाकीचं सगळं माफ केलं.

मी रस्त्यावरचा कापूस वेचत बसले. काट्यांतून काढायचा, फुंकर मारायची, ओटीत घालायचा. दुपारून कोणीतरी गावात सांगितलं असावं, माय आली. आधी कपाळावर हात मारून घेतला. "मातीत घातला वो माह्या वरसाचा कापूस!" मग माझ्याशेजारी बसून वेचू लागली. खूप वेळानं, माझ्याकडं न पाहता, तिनं विचारलं, "पोट्टीचे व्हट काळे पडले होते का?"

"हो."

तिनं कापसातला एक काटा काढला, बाजूला टाकला, आणि पुन्हा वेचू लागली.

खामगावच्या डॉक्टरांनी पोरीला आधी सावरलं, आणि जरा दम धरल्यावर जलंबमार्गे मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. ती तिघं परत आली तेव्हा वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. अंगणात सगळं गाव जमलं. दादा सांगत होता, "डाव्या बगलंखालून चिरलं, पाठीवरी. बरगड्या बाजूले सारल्या. ते नळी करंगळीयेवढी बी नाई. दोऱ्यानं बांधली, बस."

"कशाच्या दोऱ्यानं?" मायनं विचारलं.

"रेशमाच्या."

"कापसाचा काऊन नाई लावला?" मायला त्यातही अपमान वाटला.

मी गर्दीत घुसून इंदूच्या छातीवर तळवा ठेवला. मांजर गेलं होतं. नुसतं टुकटुक. मला रडू फुटलं, आणि त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की काशीबुढीलाही साखर वाटली असती. पण ती म्हणते कशी, "उसवलं म्हनून निभावलं बरं. नाईतं डाक्टराच्या हातून काय होतं?" आणि मायनं तिला लुगडं नेसवलं! ज्या माणसानं एवढ्याशा छातीत हात घालून धडधडणाऱ्या काळजाशेजारी गाठ मारली, त्याचं नावसुद्धा आमच्या घरात कोणी विचारलं नाही. दोष वहिनीचा आणि पुण्य काशीबुढीचं. त्या दिवसापासून मला जो राग आला आहे, तो अजून उतरलेला नाही.

वहिनीनं नंतर कधी सुई धरली नाही. सांगून पाहा कोणाला, खरं वाटायचं नाही. ब्लाउजचा हूक तुटला तर टाचणी लावायची. इंदूच्या शाळेच्या फ्रॉकचं शिवण उसवलं तर शेजारी पाठवायची. मायनं स्वतःच एकदा म्हटलं, "आता शिव वो, झालं गेलं." वहिनी म्हणाली, "नाही." तिनं सासूला नाही म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इंदूला आंघोळ घालताना पाठीवर साबण लावायची वेळ आली की तिचा हात डाव्या खांद्याखाली थांबायचा. आम्हाला तिथं डॉक्टरांची करामत दिसायची. तिला तिचा गुन्हा दिसायचा.

मी पुढं शिक्षिका झाले. दर वर्षी ग्रहण आलं की वर्गात सांगायचे, मुलांनो, ही नुसती सावली आहे. फळ्यावर गोल काढायचे. मुलं मान हलवायची, घरी जाऊन आईबरोबर दर्भ ठेवायची. माय गेली, काशीबुढी गेली, दादा गेला. आता पोटातल्या लेकराच्या काळजाचे कप्पे पडद्यावर दिसतात. तरीसुद्धा काही कमीजास्त निघालं की पहिला प्रश्न त्या पोरीलाच, काय खाल्लं होतं, काय केलं होतं? आडवाट तर तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच काळजाशेजारी होती हो. मायच्याही होती. काशीबुढीच्याही. तेव्हा कोणाच्या आईनं दाभण धरला होता?

तर असं मनाशी भांडत मी परवा इंदूच्या घरी पोचले. इंदू आता साठीच्या घरात, लवकरच आजी होणार. तिची सून पूजा सातव्या महिन्यात. वहिनी त्यांच्याकडंच असते, पाठीतून वाकली आहे. एव्हाना तीही 'मले'च म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण लागलं, आणि नेमका माझ्या पिशवीचा बंद तुटला. पूजाला म्हटलं, "सुई-दोरा दे गं."

पूजा हसू दाबत म्हणाली, "आजींनी लपवल्यात सगळ्या. विळी, कात्री, ब्लेडसुद्धा. रात्रीच."

वहिनी खिडकीशी बसलेली. मांडीवर फडक्याचं गाठोडं, दोन्ही हात त्यावर घट्ट.

माझं माथं भडकलं. "वहिनी! तुम्ही? तुम्हीसुद्धा?"

"वरडू नका, विमलबाई," ती हळूच म्हणाली. "माह्या हातून एकदा झालं. पुन्हा या घरात नाई होऊ द्यायची."

"काय झालं तुमच्या हातून? काहीएक झालं नाही!"

"पोरीच्या काळजाले..."

एवढ्या वर्षांचा माझा राग, आणि तो ओतायला समोर कोण, तर ही. मायवर ओरडले असते, काशीबुढीच्या झिपऱ्या धरल्या असत्या. हिच्यावर कसं ओरडू? मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले.

इंदू स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आईसमोर पाठ करून खाली बसली, पदर सोडला, पाठीवरचा ब्लाउज सैल करून खांद्याखाली ओढला. "आई, हात दे."

वहिनीनं हात मागं घेतला. इंदूनं तो ओढून आणला आणि त्या जुन्या वणावर ठेवला. "सांग, हे कशानं शिवलं?"

वहिनीनं दुसऱ्या हातानं गाठोडं आवळलं.

"सांग न. कशानं शिवली मले?"

"...सुईनं," वहिनी म्हणाली.

वहिनीचं बोट वणावरून सरकायला लागलं. पाठीकडून बगलेकडं, सावकाश. बाजूच्या एकेका ठिपक्यावर थांबत, तरुणपणी शिवण झाल्यावर तपासायची तसं. शेवटच्या ठिपक्याशी पोचलं, पुन्हा मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"टाका एकसारखा हाय," ती म्हणाली.

मग तिनं मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली. चाचपडून सुई काढली, दोरा काढला, खिडकीच्या उजेडाकडं धरून पाहिला. तेव्हा उजेडही कमीच होता. तिनं सुई आणि दोरा पूजाच्या हातात दिला.

"ओवून दे वो, माय. मले दिसत नाई. आन् विमलबाई, ते पिशवी इकडं आणा."

पूजानं माझ्याकडं पाहिलं, इंदूकडं पाहिलं, आणि सुई ओवून दिली. ग्रहण सुटायला अजून बराच वेळ होता.